माशी

बंद पडलेल्या लोखंडाच्या खाणीमागं, खडीच्या खड्ड्यात
आम्ही दोघंच, मी आणि शेजारचा आर्विद.
गाडीच्या बॉनेटवर थर्मास, वेलदोड्याचा पाव,
आणि सरोवरावरून येणारा वारा,
नोव्हेंबरात त्याला दात फुटतात.
परवा हरणांचा मोसम उघडतो.

रायफल तुझी, वेइक्को.
तुझ्याआधी बाबांची. दस्त्यावर त्यांच्या गालाच्या घामाचा डाग.
लिव्हर खाली ओढली की घसा खाकरते
आणि पितळी काडतूस मुकाट तोंडात घेते.

पन्नास गजांवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागदी ताटली.
वाळूच्या पिशवीवर हात टेकले, श्वास अर्धा सोडला,
मागच्या खाचेत पुढची माशी बसवली,
माशीवर ताटली अलगद ठेवली
आणि बोट असं दाबलं की बोटालाही कळू नये.
उजवीकडे. वर.
पुन्हा.
उजवीकडे, वर.
तिन्ही भोकं एका कपाखाली झाकतील इतकी जवळजवळ,
पण ताटलीबाहेर,
घर सोडून शेजारी जेवायला गेल्यासारखी.

आर्विदनं दुर्बीण खाली घेतली.
“बंदूक शहाणी आहे गं. कुठंतरी माशी शिंकलीय.”

माशी तर सरळ होती. तिचा मणी झिजून
तांदळाची कणी झालेला, एवढंच.
सरकलेली होती मागची खाच,
नळीच्या मध्यापासून उजवीकडे, नखाच्या जाडीइतकी,
आणि तिच्या कडेला पोलादावर
तू खिळ्यानं ओढलेली रेघ:
इथंच. हात लावू नका.
खालची दातेरी पट्टीही एक पायरी वर चढवलेली.

म्हणजे तुझ्या गोळ्या डावीकडे जायच्या.
डावीकडे, खाली.
चाळीस वर्षं.

तू बारा वर्षांचा, मी नऊ.
बाबा मागं उभे. मार, म्हणाले.
बार उडायच्या आधीच तुझा खांदा पुढं धावला होता
आणि तोंडाची मूठ झाली होती, डोळे आत घेऊन.
त्या शनिवारी सौनात
खांद्यावरचा जांभळा डाग आईला दिसू नये म्हणून
भिंतीकडे तोंड करून बसलास.
मला दिसला. मी विसरले.

भीती कुणी सरळ करून देत नाही.
तू हातोडी आणलीस.
ती ओढायची त्याच्या उलट बाजूला
खाच सरकवलीस, केसभर, केसभर,
रात्री, शेडमध्ये, एकटा.
आणि मग गाव म्हणू लागलं: नेम असावा तर वेइक्कोचा.
दर हिवाळ्यात आमच्याकडे मांस यायचं
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं,
डोळे मिटून मारलेलं.

मी पितळेचा पंच उजव्या अंगाला लावला.
टक्. काही नाही. गंजानं धरून ठेवलेलं.
तेलाचा एक थेंब, पाव संपेपर्यंत वाट.
टक्.
हललं की हललं नाही असं हललं.
पट्टी एक पायरी उतरवली.
बार. टक्. बार.
पाचव्या गोळीला ताटलीच्या मधोमध काळं टिंब.
त्याच्यावरच सहावी.

तुझी रेघ तशीच आहे.
खाच तिला सोडून थोडी अलीकडे उभी,
मधल्या जागेत कोरं, चकचकीत पोलाद,
ज्याला इतकी वर्षं हवा लागली नव्हती.

“बघ,” आर्विद कॉफी ओतत म्हणाला,
“तुझ्या भावाची बंदूक. चुकायची नाहीच कधी.”
हो, म्हटलं.

एक काडतूस उरलं होतं.
खांद्याला लावली,
आणि या वेळी मी डोळे मिटले, घट्ट,
अंग चोरलं, बोट झटक्यानं ओढलं.

आर्विद बराच वेळ दुर्बिणीत शोधत राहिला.
ताटलीत नाही. पुठ्ठ्याच्या डाव्या कोपऱ्यात, पार खाली,
एकटंच एक भोक.
“हे काय? कुठं माशी शिंकली?”

मी रिकामी पुंगळी उचलली.
अजून गरम होती. खिशात टाकली.